दुर्मीळ इंग्रजी आडनावाचे मूळ गाव कसे शोधावे : थॅकरे या नावाचा माग

इंग्लंडमध्ये प्रत्येकाने आडनाव लावलेच पाहिजे असा कायदा मध्ययुगात कधी झाला नाही. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये देश जिंकल्यानंतर आधी जमीनदार घराण्यांत, मग दक्षिणेकडील शहरांत आणि सर्वांत शेवटी उत्तरेकडील खेड्यांत आडनावे वंशपरंपरेने चालू लागली, आणि हे सारे स्थिरावायला सुमारे चारशे वर्षे गेली. कोणत्या घराण्याने कोणते आडनाव केव्हा घेतले हे सांगणारे दप्तर त्यामुळे अस्तित्वातच नाही. करवसुलीच्या याद्या, जहागिरीच्या न्यायसभांचे कागद, चर्चमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदी आणि जनगणना यांतून ते मूळ जुळवत आणावे लागते. नवशिक्या वाचकाला हे काम पायरीपायरीने कसे करता येईल, हे या लेखात एका खऱ्या आडनावाच्या आधाराने दाखवले आहे.

उदाहरणासाठी निवडलेले आडनाव आहे थॅकरे. स्मिथ हे नाव गावोगावच्या लोहाराला स्वतंत्रपणे मिळत गेले आणि १८८१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये ते लावणारे चार लाखांहून अधिक लोक होते. अशा नावाला एक मूळ गाव असूच शकत नाही. दुर्मीळ आडनावाची गोष्ट वेगळी असते. ते एखाद्या वस्तीतून, कधी कधी एकाच घरातून निघालेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि म्हणूनच त्याचा शोध हाती लागण्याजोगा असतो. थॅकरे हे नाव कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांच्यामुळे जगभर माहीत झाले असले, तरी त्याचा उगम यॉर्कशरमधील एका छोट्या खोऱ्यात आहे. शिवाय महाराष्ट्रात या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका वेगळ्याच आडनावामुळे परिचित आहे, आणि त्यातून होणारी गल्लत कशी टाळावी हेही याच उदाहरणातून शिकता येते.

पहिली पायरी : नावाची सगळी रूपे गोळा करावीत

शोधाची सुरुवात स्पेलिंगपासून करावी, मात्र एकाच स्पेलिंगवर थांबू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुष्कळ खेडुतांना लिहिता येत नव्हते. पाद्री किंवा कारकून कानाला जसे ऐकू येई तसे नाव लिहीत असे. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका प्रकारे, लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या प्रकारे आणि दफनाच्या नोंदीत तिसऱ्याच प्रकारे आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्या नावाची थॅकरे, थॅक्रे, थॅकरी, थॅक्रा, थॅकरा अशी रूपे मिळतात, आणि मध्ये डब्ल्यू हे अक्षर असलेले जुने रूपही मिळते. हे डब्ल्यू वरवर चुकीचे वाटले तरी ते जपून ठेवावे, कारण पुढे मूळ शोधताना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

संगणकीय सूचीत शोध घेताना दोन साधने वापरता येतात. एक म्हणजे वाइल्डकार्ड, म्हणजे शंका असलेल्या अक्षरांच्या जागी तारांकन टाकणे. दुसरे म्हणजे साउंडेक्स ही पद्धत, जी नावाला पहिले अक्षर आणि तीन आकडे यांचा एक संकेत देते आणि त्यात स्वर तसेच डब्ल्यू व एच ही अक्षरे मोजत नाही. थॅकरेची वरील सर्व रूपे साउंडेक्समध्ये टी-२६० या एकाच संकेताखाली येतात, ही सोय मोठी आहे. परंतु टकर, टास्कर आणि थॅकर ही नावेही त्याच संकेताखाली येतात. त्यांतील थॅकर विशेष फसवे आहे. ते छप्पर शाकारणाऱ्या कारागिराच्या धंद्यावरून पडलेले नाव असून थॅकरेहून त्याचा उगम वेगळा आहे. आणि भारतातील नोंदी पाहणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की ठक्कर हे गुजराती आडनावसुद्धा इंग्रजीत पुष्कळदा थॅकरसारखेच लिहिले जाते. म्हणून साउंडेक्सने आलेली यादी हा केवळ कच्चा माल समजावा आणि प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी.

दुसरी पायरी : आडनावाचा प्रकार ठरवावा

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची असतात : गाव किंवा जागेवरून आलेली, धंद्यावरून आलेली, बापाच्या किंवा आईच्या नावावरून आलेली, आणि टोपणनावावरून आलेली. प्रकार चुकला तर पुढचा सगळा शोध भरकटतो, त्यामुळे इथे घाई करू नये आणि निव्वळ आजच्या उच्चारावरून अर्थ लावू नये. आधी नावाचे सर्वांत जुने उपलब्ध रूप पाहावे. यासाठी ऑक्सफर्डने २०१६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेला ब्रिटन व आयर्लंडमधील कुलनामांचा कोश आज सर्वांत भरवशाचा आहे. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक नावे असून बहुतेक नावांपुढे जुन्या नोंदी सालासकट दिलेल्या आहेत. भेटवस्तूंच्या दुकानांत मिळणारी कुलचिन्हांची पत्रके आणि त्यांवरील घराण्याचे इतिहास यांचा मात्र या कामी काहीही उपयोग नाही. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना बहाल होते, त्या आडनावाच्या सर्व लोकांना नव्हे.

थॅकरे हे जागेवरून आलेले नाव आहे. जुन्या नॉर्स भाषेत छपरासाठी किंवा शाकारणीच्या गवतासाठी जो शब्द होता तो ‘थाक’, आणि कोपऱ्यासाठी, आडबाजूच्या जागेसाठी जो शब्द होता तो ‘व्रा’. लव्हाळे वाढणारा किंवा शाकारणीचे गवत मिळणारा कोपरा, असा हा अर्थ आहे. स्पेलिंगमध्ये अधूनमधून डोकावणारे डब्ल्यू याच ‘व्रा’चा अवशेष होय. हाच शब्द लँकशरमधील रे या खेड्याच्या नावात आणि रो या आडनावातही उरला आहे. असे शब्द इंग्लंडच्या उत्तर भागातच का सापडतात याचे उत्तर इतिहासात आहे : नवव्या आणि दहाव्या शतकांत डेन्मार्क व नॉर्वेकडील लोकांनी तिथे वस्त्या केल्या, ८७६ मध्ये तर डॅनिश सैन्याने यॉर्कच्या परिसरातील जमीन आपसांत वाटून घेतली, आणि शेतांची, ओढ्यांची व वाड्यांची नावे त्यांच्या बोलीत पडली. नावाच्या घडणीवरूनच शोधाचा प्रदेश असा अर्धा आकुंचित होतो.

तिसरी पायरी : ती जागा नकाशावर शोधावी

जागेवरून आलेल्या आडनावाची जागा आजच्या नकाशावर असेलच असे नाही. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी ही १९२३ मध्ये स्थापन झालेली संस्था परगण्यानुसार (काउंटीनुसार) स्थलनामांचे खंड प्रसिद्ध करते, आणि त्यांत गावांबरोबर वाड्या, शेते आणि नाहीशा झालेल्या वस्त्यांचीही नावे जुन्या रूपांसह नोंदलेली असतात. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या भागाचे खंड १९६० च्या दशकाच्या आरंभी आले. त्यांच्या जोडीला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने काढलेले एका मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे पाहावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतात आणि इंग्लंडचे नकाशेही त्यांत आहेत.

थॅकरे आडनावाची मूळ वस्ती फ्यूस्टन पॅरिशमधील, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतील, ग्रेट टिंबल या टाउनशिपमध्ये, म्हणजे पॅरिशच्या एका पोटविभागात होती. हे ठिकाण हॅरोगेटच्या पश्चिमेस, वॉशबर्न नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात येते. आज तिथे जाऊन ती वस्ती पाहता येत नाही. लीड्स शहर एकोणिसाव्या शतकात झपाट्याने वाढले, त्याला पाणी पुरवण्यासाठी १८७० च्या दशकात वॉशबर्नवर एकापाठोपाठ एक जलाशय बांधण्यात आले, आणि त्यांतील फ्यूस्टन जलाशयाखाली ती जागा बुडाली. केवळ आजचा नकाशा पाहणाऱ्याला हे नाव निराधार वाटले असते. त्याआधीचा नकाशा उघडल्यावर जागा हाती येते. दुर्मीळ आडनावांच्या बाबतीत हा अनुभव वारंवार येतो, कारण ज्या वस्तीवरून नाव पडले ती वस्तीच पुसली गेली असेल, तर पुढे दुसऱ्या कोणाला ते नाव पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

इथे दोन व्यावहारिक सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की टिंबल नावाच्या टाउनशिप दोन होत्या, आणि लिटल टिंबल ही ऑटली पॅरिशमध्ये मोडत असल्यामुळे तिच्या नोंदी वेगळ्या चर्चमध्ये मिळतात. दुसरी अशी की १९७४ च्या प्रशासकीय फेररचनेत हा भाग वेस्ट रायडिंगमधून नॉर्थ यॉर्कशरमध्ये गेला. जुने कागद शोधताना जुना परगणा आणि अभिलेखागाराला पत्र लिहिताना नवा परगणा, दोन्ही माहीत असावे लागतात.

चौथी पायरी : आडनाव केव्हा रुजले ते पाहावे

जागा सापडली म्हणजे आडनाव तिथलेच आहे हे सिद्ध होत नाही. त्या जागेच्या आसपास, ते नाव लावणारी माणसे, योग्य काळात होती हेही दिसावे लागते. यॉर्कशरच्या बाबतीत नशिबाने १३७९ च्या पोल टॅक्सच्या याद्या मोठ्या प्रमाणावर टिकल्या आहेत. सोळा वर्षांवरील माणसांवर बसवलेल्या या करात सामान्य कुटुंबाला चार पेन्स भरावे लागत, आणि त्यामुळे एरवी कोणत्याही कागदावर न येणारा मजूरवर्ग या याद्यांत नावानिशी भेटतो. याद्या वापेंटेक, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग, आणि त्याखाली टाउनशिप अशा क्रमाने लावलेल्या असतात. फ्यूस्टनचा परिसर क्लॅरो वापेंटेकमध्ये येतो. नावामागे ‘डी’ हा लॅटिन शब्द आला असेल तर तो माणूस ‘अमुक ठिकाणचा’ आहे एवढाच अर्थ होतो. ते अजून वंशाचे नाव झालेले असेलच असे नाही. बाप आणि मुलगा, किंवा दोन भाऊ, वेगवेगळ्या ठिकाणी राहत असूनही तेच नाव लावताना दिसू लागले की ते रुजले असे मानावे.

मराठी वाचकाला ‘कर’ लागलेल्या आडनावांवरून यातील एक बारकावा चटकन समजेल. मालवणातच राहणाऱ्याला मालवणकर म्हणून ओळखण्याचे कारण नसते. गाव सोडून दूर गेल्यावर ते नाव चिकटते. यॉर्क किंवा लिंकन या शहरांवरून पडलेल्या इंग्रजी आडनावांचेही तसेच झाले. परंतु थॅकरेसारखे नाव एकदोन घरांच्या वाडीवरून पडले आहे, आणि अशा वाडीचे नाव चारदोन मैलांपलीकडे कोणाच्या कानावरही गेलेले नसते. म्हणून ते त्याच पॅरिशच्या आत, न्यायसभेच्या कारकुनाला दोन विल्यमांमध्ये फरक करायचा होता म्हणून, पडलेले असणेच संभवते. नियम म्हणून हे लक्षात ठेवावे : जागा जितकी लहान, तितके आडनाव तिच्या जवळपास जन्मलेले असते.

फ्यूस्टन हे नेअर्सबरोच्या जहागिरीतील राजवनात येत असे. ही जहागीर पुढे डची ऑफ लँकेस्टर या राजघराण्याच्या जमीनजुमल्यात गेली, आणि तिच्या न्यायसभांचे मध्ययुगीन कागद आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जमिनीचे हस्तांतर, गुरे भलत्या शेतात शिरल्याचा दंड, ओढ्याचे पाणी वळवल्याची तक्रार असल्या बारीकसारीक गोष्टींतून एका घराण्याच्या चारचार पिढ्या या कागदांतून सलग मिळू शकतात. तिथली मृत्युपत्रेही बराच काळ जहागिरीच्याच न्यायसभेत नोंदली जात असत, आणि सर्टीज सोसायटीने त्यांचे दोन खंड विसाव्या शतकाच्या आरंभी छापले आहेत. लॅटिन वाचता येत नाही म्हणून नवशिक्याने ही पायरी टाळू नये. छापील खंडांपासून सुरुवात करावी, आणि ठरावीक सूत्रात लिहिलेली वाक्ये पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मूळ कागदही हळूहळू उमगू लागतो.

पाचवी पायरी : १८८१ चा नकाशा काढावा

भौगोलिक विस्तार पाहण्यासाठी १८८१ ची जनगणना सर्वांत सोयीची आहे. ती ३ एप्रिलच्या रात्री झाली, तिच्या सर्व नोंदी स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आहेत, आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्या विनामूल्य पाहता येतात. नाव, वय, धंदा आणि मुख्य म्हणजे जन्मस्थान, हे सारे तिच्यात मिळते. याआधीच्या १८४१ च्या गणनेत जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढेच विचारले होते आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली होती, त्यामुळे या कामासाठी ती अपुरी पडते. नंतरच्या गणनांपैकी १९३१ ची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रे १९४२ च्या आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही, हेही माहीत असावे, म्हणजे नसलेले कागद शोधण्यात वेळ जाणार नाही.

माणसे मोजताना निव्वळ संख्येवर विसंबून नकाशा रंगवणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. समजा, तीन लाख वस्तीच्या शहरात एका आडनावाचे दोनशे लोक आहेत आणि पन्नास हजार वस्तीच्या ग्रामीण भागात शंभर. संख्येने शहर पुढे दिसते, पण दर हजारी प्रमाण काढले तर शहरात ते ०.६७ आणि ग्रामीण भागात २ येते. मूळ प्रदेशाकडे बोट दाखवते ते हे प्रमाण. त्यासाठी पुअर लॉ युनियन, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी अनेक पॅरिश एकत्र करून केलेला विभाग, वापरावा. परगणा फार मोठा पडतो आणि पॅरिश इतके लहान की एका मोठ्या कुटुंबानेही चित्र बदलते. दोन नकाशे शेजारी ठेवावेत, एक संख्येचा आणि एक प्रमाणाचा. त्यांतील तफावत म्हणजेच स्थलांतर.

थॅकरेच्या सगळ्या रूपांना एकत्र घेतले की वेस्ट रायडिंगवर गडद ठसा उमटतो. लीड्समध्ये माणसे पुष्कळ असतात, पण त्यांच्या जन्मस्थानाचा रकाना वाचत गेले की ओढ हळूहळू उत्तरेकडील खोऱ्यांकडे दिसू लागते. कापडगिरण्या, जवसाच्या (फ्लॅक्स) धाग्याची सूतकताई आणि शहरातील व्यापार यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या डोंगराळ पॅरिशमधील माणसे लीड्सकडे खेचली. हे नाव लीड्सच्या इतिहासात ठळकपणे भेटते ते त्यामुळेच. कामगारांना धंद्यामुळे जडणाऱ्या रोगांवर १८३१ मध्ये ब्रिटनमधील पहिला महत्त्वाचा ग्रंथ लिहिणारे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा लीड्सचेच. तिथले वैद्यकीय संग्रहालयही थॅक्रे हेच नाव धारण करते. आणि गीतकार-गायक जेक थॅक्रे यांचा जन्म १९३८ मध्ये लीड्समध्येच झाला.

सहावी पायरी : नकाशा आणि मूळ गाव यांना पिढ्यांनी जोडावे

चौदाव्या शतकातील यादी आणि १८८१ ची गणना यांमध्ये पाचशे वर्षांची दरी आहे. ती अलीकडून पलीकडे भरत जावी. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी आहे, आणि तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर चाळता येते. त्यामागे पॅरिशच्या नोंदवह्या आहेत. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये त्या ठेवण्याचा हुकूम काढला, पण सगळीकडे त्या सुरुवातीपासून टिकलेल्या नाहीत, आणि १६४२ नंतरच्या यादवीच्या काळात तर जवळजवळ सर्वत्र खंड पडलेला दिसतो. अशा वेळी बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक प्रती पाहाव्यात. दर पिढीमागे निदान एक कागद असा असावा की जो बाप आणि मूल यांचे नाते स्पष्ट सांगतो. केवळ नाव आणि वय जुळले म्हणून दोन माणसे एक मानू नयेत, कारण एकाच आडनावाच्या खोऱ्यात एकाच वयाचे तीन जॉन असणे अगदी साहजिक असते. जिथे पुरावा तुटतो तिथे वहीत मोकळी जागा सोडावी.

सातवी पायरी : दूर गेलेल्या शाखा, आणि एक गल्लत

कादंबरीकाराची शाखा कोणत्या वाटेने बाहेर पडली हे चांगले नोंदलेले आहे. टॉमस थॅकरे यांचा जन्म १६९३ मध्ये हॅम्पस्थ्वेट येथे झाला, आणि हे गाव फ्यूस्टनपासून काही मैलांवरच आहे. शिक्षणाच्या बळावर ते दक्षिणेत गेले आणि १७४६ पासून १७६० मध्ये मृत्यू येईपर्यंत हॅरो शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सिल्हटला कलेक्टर झाला, नातू रिचमंड कलकत्त्यात महसूल खात्यात होता, आणि तिथेच १८ जुलै १८११ रोजी कादंबरीकाराचा जन्म झाला. याच घराण्यातील सेंट जॉन थॅकरे हे धारवाडचे कलेक्टर असताना कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत २३ ऑक्टोबर १८२४ रोजी मारले गेले. केवळ ब्रिटनचा नकाशा पाहणाऱ्याला ही शाखा दिसणारच नाही. तिच्यासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या नोंदी पाहाव्या लागतात. तिथे बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफने वेगवेगळ्या मालिकांत आहेत, आणि मुंबईची मालिका १७०९ पासून सुरू होते.

आता गल्लतीविषयी. आडनावांचे जागतिक तक्ते देणारी संकेतस्थळे केवळ रोमन लिपीतील स्पेलिंग मोजतात. त्यामुळे थॅकरेच्या तक्त्यात भारताचा आकडा येतो आणि नवशिक्या संशोधक तो कंपनीच्या काळातील इंग्रजांचा वंशविस्तार समजतो. प्रत्यक्षात विदर्भ, खानदेश आणि मुंबईकडे आढळणारे ठाकरे हे मराठी आडनाव स्वतंत्र आहे. केशव सीताराम ठाकरे म्हणजे प्रबोधनकार यांनी कादंबरीकाराविषयीच्या आदरातून आपल्या आडनावाचे स्पेलिंग त्याच्यासारखे केले असे सांगितले जाते. स्पेलिंग घेतले गेले. वंश, जागा आणि भाषा यांपैकी कशाचाही संबंध नाही. भारतातील नोंद मोजायची असेल तर ती चर्चच्या किंवा लष्कराच्या कागदाने ब्रिटनमधील जन्मस्थानाशी जोडलेली आहे का, एवढे पाहावे. जोडलेली नसेल तर ती बाजूला ठेवावी.

आठवी पायरी : जनुकीय चाचणी, सर्वांत शेवटी

इंग्लंडमध्ये आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, म्हणून एकाच मुळाचा दावा तपासण्याची ही एक वाट आहे. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुर्मीळ आडनावांचे पुरुष मोठ्या प्रमाणावर एकाच पूर्वजाचे वंशज निघाले, तर स्मिथसारख्या नावात असे काही आढळले नाही. तरीही दुर्मीळ नावातसुद्धा सगळे जुळत नाहीत. दत्तक मूल, आईचे आडनाव लावणारे मूल, सासऱ्याच्या जमिनीसाठी बदललेले नाव, अशी कारणे पाच-सहाशे वर्षांत प्रत्येक घराण्यात घडलेली असतात, आणि चाचणीआधी सहभागी माणसांना हे नीट समजावून सांगणे ही संशोधकाची जबाबदारी आहे.

चाचणीसाठी माणसे निवडताना जवळचे चुलतभाऊ घेऊ नयेत, कारण त्यांचे निकाल जुळले तरी जुन्या काळाविषयी काहीच कळत नाही. ज्यांच्या शाखा कागदांनुसार शक्य तितक्या आधी, शक्यतो सतराव्या शतकात किंवा त्यापूर्वी, वेगळ्या झाल्या आहेत आणि ज्यांची स्पेलिंगही वेगळी आहेत असे निदान दोन पुरुष घ्यावेत. लीड्समधील थॅक्रा आणि यॉर्कशरच्या निडरडेल खोऱ्यातील थॅक्रे, असे. त्याआधी गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज या १९७९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या सूचीत आपले आडनाव कोणी नोंदवले आहे का ते पाहावे. नोंदवले असेल तर त्या अभ्यासकाकडे कित्येक वर्षे जमवलेल्या नोंदी असतात, आणि आपण फ्यूस्टनच्या वहीतून उतरवलेली एखादी ओळ त्यांच्याकडे नसण्याचीही शक्यता असते.